जुनी फिएट किंवा अँबेसिडर घेण्याआधी: गाडीच्या तपासणीचा इतिहास कसा वाचायचा

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने वीस वर्षांहून जुन्या गाड्यांच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क पुन्हा वाढवलं. भारतात बनलेल्या मोटारीसाठी ते आता ₹१०,००० झालं आहे आणि परदेशातून आणलेल्या मोटारीसाठी ₹८०,०००. एप्रिल २०२२ पर्यंत आपल्याकडच्या मोटारीला यासाठी ₹६०० लागत. तेव्हा ते ₹५,००० झाले आणि आता वीस वर्षांपुढच्या गाडीला त्याच्याही दुप्पट.

असं शुल्क वाढलं की अंगणात झाकून ठेवलेल्या पद्मिनी (फिएटचंच नंतरचं नाव) आणि अँबेसिडर विक्रीला निघतात. आजोबांच्या गाडीवर जीव असतो, पण एवढा खर्च करून ती चालू ठेवणारं घरात कोणी उरलेलं नसतं. दुसऱ्या बाजूला अशी गाडी हौसेने घेऊन नीट सांभाळू इच्छिणारेही बरेच आहेत. त्यांना पडणारा प्रश्न अगदी साधा असतो. गाडीचा नंबर ॲपवर टाकला, सगळं ‘ॲक्टिव्ह’ दिसलं, म्हणजे गाडी चांगली आहे असं समजायचं का? तसं समजू नका. का, ते पाहण्यासाठी थोडं मुळापासून सुरू करावं लागेल.

मुळात गाडीची सरकारी तपासणी होते तरी कधी?

ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तिची सक्तीची तपासणी होते. तिला तिकडे एमओटी म्हणतात आणि ती १९६० पासून चालू आहे. गाडी पास झाली की नापास, कशामुळे नापास झाली, कुठला भाग पुढे त्रास देईल, त्या दिवशी मीटरवर किती आकडा होता, हे सगळं गाडीच्या नंबरवरून कोणालाही इंटरनेटवर फुकट पाहता येतं. तिथली चाळीस वर्षांपुढची बहुतेक वाहनं या सक्तीतून २०१८ मध्ये वगळली गेली. तरी आधीच्या संगणकीय नोंदी जागेवरच आहेत.

आपल्याकडे खासगी मोटारीसाठी असं काही नाही. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते. त्या काळात पीयूसी सोडली तर सरकारी यंत्रणा तिची सक्तीने नियमित तपासणी करत नाही. पंधरा वर्षं झाली की गाडी आरटीओत न्यायची, मोटार वाहन निरीक्षकाला दाखवायची आणि नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घ्यायची. पुढे दर पाच वर्षांनी तेच. बोलीभाषेत याला ‘रीपासिंग’ म्हणतात. म्हणजे तीस वर्षांच्या पद्मिनीची तिच्या उभ्या आयुष्यात नोंदणीनंतर जेमतेम तीन-चार वेळा सरकारी तपासणी झालेली असते. त्या प्रत्येक वेळी निरीक्षकाने काय पाहिलं, काय खटकलं, मीटर किती होतं, हे पुढच्या खरेदीदाराला सहज दिसेल अशी सोयही नाही.

त्यामुळे आपल्याकडे तपासणीचा इतिहास तयार मिळत नाही. तो चार-पाच वेगवेगळ्या कागदांतून जुळवावा लागतो, आणि त्यातला प्रत्येक कागद कशाची साक्ष देतो व कशाची देत नाही, हे आधी माहीत असावं लागतं.

आरसी म्हणजे गाडीचा सातबारा

आरसी म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र. जमीन घेताना आपण नुसता सातबारा पाहून थांबत नाही. फेरफार काढतो, बोजा आहे का बघतो आणि उताऱ्यावरचं क्षेत्र जागेवर मोजून घेतो. गाडीचंही तसंच करायचं. आरसीवर मालकाचं नाव, तो कितवा मालक, नोंदणीची तारीख, इंधन, चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि बँकेचा बोजा या गोष्टी असतात. जमिनीचा उतारा स्वच्छ असला म्हणून जमिनीला पाणी लागेलच असं नाही, आणि आरसी चालू आहे म्हणून गाडीचा तळ शाबूत आहे असंही नाही. पण उतारा नीट नसेल तर पाणी शोधत बसण्यात अर्थच नाही. म्हणून सुरुवात कागदापासून करायची.

ॲपवर काय दिसतं, काय दिसत नाही

एमपरिवहन ॲपवर किंवा परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की ‘वाहन’ या सरकारी प्रणालीतली नोंद दिसते. तिथे ‘फिटनेस’ची जी तारीख असते ती पुष्कळांना फसवते. खासगी गाडीच्या बाबतीत ती नोंदणी कधीपर्यंत चालू आहे एवढंच सांगते. गाडी तोवर तंदुरुस्त राहील अशी हमी तिच्यात नाही.

आरसीच्या स्थितीचा रकाना मात्र काळजीपूर्वक पाहा. तिथे एनओसी दिल्याचा उल्लेख असेल तर गाडी दुसऱ्या आरटीओकडे किंवा राज्यात नेण्यासाठी ना हरकत घेतली गेली आहे आणि ते काम अर्धवट राहिलंय. दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हापासून तिकडच्या गाड्या इतर राज्यांत विकल्या जातात. अशी गाडी स्वस्त मिळत असेल तर एनओसी कोणत्या आरटीओच्या नावाने काढली आहे ते पाहा, आणि ती गाडी तिथे नोंदवून घेतील का, हे पैसे देण्याआधी त्याच कार्यालयात जाऊन विचारा.

आणि नंबर टाकल्यावर काहीच दिसलं नाही तर? फार जुन्या गाड्यांच्या बाबतीत हे घडतं. एमएच-०१, एमएच-१२ ही पद्धत नंतर आली. त्याआधी तीन अक्षरी मालिका होत्या आणि नोंदी हाताने लिहिलेल्या रजिस्टरमध्ये. ज्या गाड्यांसाठी पुढे कोणी आरटीओची पायरी चढलंच नाही, त्यांच्या नोंदी संगणकावर आलेल्या नसतात. आरटीओच्या भाषेत त्यासाठी ‘बॅकलॉग एन्ट्री’ करावी लागते. जुनं आरसी बुक मूळ स्वरूपात असेल आणि आरटीओच्या रजिस्टरमधली नोंद सापडली तर ते होतं, वेळ मात्र जातो. हे काम विक्रेत्याने त्याच्या नावावर असतानाच पूर्ण करून द्यायला हवं. ‘तुम्ही घ्या, मग होऊन जाईल’ असं म्हणणाऱ्याकडून गाडी घेऊ नका, मग रंग कितीही सुंदर असो.

पाच-पाच वर्षांची साखळी

आता आरसीवरच्या तारखा घ्या आणि वहीत मांडा. गाडी १९९४ ची असेल तर पहिली मुदत २००९ ला संपली. पुढे वेळच्या वेळी नूतनीकरण झालं असेल तर २०१४, २०१९, २०२४ अशी साखळी दिसायला हवी. आज मुदत २०२७ पर्यंत दाखवत असेल तर मध्ये कुठेतरी खंड पडलाय. गाडी काही वर्षं विनानोंदणी उभी होती का? कुठे उभी होती? छपराखाली की पावसात?

खंड असणं हा काही गुन्हा नाही. आजोबा गेले, मुलगा परदेशी, गाडी पाच वर्षं गॅरेजात, असं कितीतरी घरांत झालंय. पण उभी राहिलेली गाडी आतून खराब होते. पेट्रोल टाकीत गंज धरतो, ब्रेकचे रबर कडक होतात, क्लच प्लेट चिकटते. ‘अगदी कमी चाललेली’ म्हणून जिची जास्त किंमत सांगितली जाते, तिच्यावर रोज चालवलेल्या गाडीपेक्षा जास्त खर्च निघू शकतो.

खंड अजून चालूच असेल, म्हणजे नोंदणी आजही संपलेली असेल, तर हिशेब वेगळा. नूतनीकरणाचं शुल्क, महाराष्ट्रातला पर्यावरण कर, आणि उशिराबद्दल मोटारीला दरमहा ₹५०० जादा शुल्काची तरतूद. सात वर्षांपूर्वी मुदत संपलेल्या गाडीला ही एकच बाब ₹४२,००० पर्यंत नेऊ शकते. हा आकडा आरटीओकडून काढून घ्या आणि मगच किंमत ठरवा. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, हेही लक्षात असू द्या. ‘एक चक्कर मारून बघा’ म्हटलं तरी ती चक्कर आवारातच.

नंबर पत्र्यावरच वाचा

मला विचाराल तर सगळ्या तपासणीतला हा सर्वांत मोलाचा अर्धा तास. आरसी हातात घ्यायची, बॉनेट उघडायचं, चिंधीने तेलकट मळ पुसायचा आणि कोरलेला चेसिस नंबर व इंजिन नंबर एकेक आकडा वाचत जुळवायचा. प्रत्येक मॉडेलमध्ये त्यांची जागा वेगळी असते. जाणता मेकॅनिक ती लगेच दाखवतो. कागद ठेवून पेन्सिलने घासून ठसा घ्या. आरटीओतही हीच ‘चेसिस प्रिंट’ लागते.

नंबर न जुळण्याची कारणं तीन प्रकारची असतात. पहिलं, नकलताना झालेली चूक. हस्तलिखित आरसी बुकातून संगणकावर नेताना शून्याचा ओ झाला किंवा एक आकडा गळला. हे दुरुस्त होतं. दुसरं, इंजिन बदललेलं आहे. अँबेसिडरमध्ये हे फार झालं. डिझेल स्वस्त होतं त्या काळात पेट्रोल गाड्यांत डिझेल इंजिन बसवली गेली. नव्वदच्या दशकात इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं तेव्हा तेही जुन्या गाड्यांत चढलं. यांत तांत्रिकदृष्ट्या वावगं काही नाही, गाडी उलट बरी पळते. पण कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल आरटीओच्या मंजुरीने आणि आरसीवर नोंद करूनच चालतो. आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल अशी गाडी पुढच्या रीपासिंगला अडणारच, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते.

तिसरं कारण गंभीर. नंबरावर ग्राइंडर फिरवलेला, आकडे वेडेवाकडे, आजूबाजूचा पत्रा जोडलेला. तिथून निघून यायचं. थोडी जरी शंका असेल तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवर चेसिस आणि इंजिन नंबर टाकून गाडी चोरीच्या नोंदीत आहे का ते तपासता येतं.

उच्च सुरक्षा नंबरप्लेट म्हणजे एचएसआरपी बसलेली असेल तर तेवढा एक दिलासा. ती मागवताना चेसिस आणि इंजिन नंबरांचे शेवटचे आकडे सरकारी नोंदीशी जुळावे लागतात, त्यामुळे गाडीची नोंद संगणकावर आहे हे नक्की होतं. मात्र ते आकडे कागदावरचे. पत्र्यावरचे तुम्हीच वाचायचे.

सीएनजी किट असेल तर तेही आरसीवर हवं, आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी दाबचाचणी झाल्याचं प्रमाणपत्रही. ही चाचणी टळलेली असेल तर सौदा होवो न होवो, त्या गाडीत घरच्यांना बसवू नका.

पीयूसी, विमा आणि गॅरेजची बिलं

पीयूसी धूर मोजते. पेट्रोल गाडीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन किती निघतात एवढंच. ब्रेक, स्टिअरिंग, गंज यांच्याशी तिचा संबंध नाही. तरी जुन्या पीयूसी पावत्या मालकाने जपल्या असतील तर त्या मागून घ्या. जुन्या गाड्यांना ती दर सहा महिन्यांनी लागते, त्यामुळे तारखांवरून गाडी कधी वापरात होती आणि कधी नव्हती ते कळतं. आकडे वर्षागणिक चढत गेले असतील तर कार्ब्युरेटर किंवा इंजिन लक्ष मागतंय. गाडी न नेताच पीयूसी मिळवल्याच्या तक्रारी होत असतात, म्हणून एका पावतीवर विसंबू नका. पाच-सहा पावत्यांची रांग पाहा.

विम्यात खंड पडून मग वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीसह पॉलिसी घेतली असेल तर विमा कंपनी आधी गाडी पाहून फोटो काढते. ते फोटो किंवा तो अहवाल मालकाकडे असेल तर उत्तम, कारण अमुक तारखेला गाडी कशी होती याचा तिऱ्हाइताने केलेला पुरावा तुमच्या हाती येतो. फक्त तृतीय पक्ष विमा असेल, आणि जुन्या गाड्यांचा बहुधा तोच असतो, तर असं काही मिळेलच असं नाही.

गॅरेजची बिलं मात्र खरंच सोन्याच्या मोलाची. त्यांवर तारीख असते, अनेकदा किलोमीटर असतात. जुन्या गाड्यांचा मीटर बहुधा पाच आकडी, ९९,९९९ नंतर तो पुन्हा शून्यावर येतो, आणि कित्येकांची केबल वर्षानुवर्षं तुटलेली असते. त्यामुळे ‘फक्त बेचाळीस हजार किलोमीटर’ याला बिलांशिवाय काही अर्थ नाही. टायरवर कोरलेला चार आकडी कोडही पाहा. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. ‘मागच्याच वर्षी चारही टायर टाकले’ हे तिथल्या तिथे पडताळता येतं.

टॅक्सीची खासगी केलेली पद्मिनी

मुंबईची शेवटची प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. टॅक्सीची रीतसर खासगी केलेली पद्मिनी तुमच्यासमोर आली तर बिचकू नका, पण भाव त्याप्रमाणे करा. गंमत अशी की तपासणीच्या बाबतीत टॅक्सीचा इतिहास खासगी गाडीपेक्षा भरगच्च असतो. व्यावसायिक वाहनाला योग्यता प्रमाणपत्र पुन्हापुन्हा घ्यावं लागतं आणि जुनं झाल्यावर दरवर्षी. ती सगळी प्रमाणपत्रं मालकाकडे असतील तर गाडी दर वर्षी कोणीतरी पाहिली होती एवढं तरी कळतं.

अडचण येते ती हे लपवलं जातं तेव्हा. आरसीवरचा वाहनवर्ग आणि परमिट रद्द केल्याची नोंद पाहा. डिकीच्या आतल्या कोपऱ्यात, दाराच्या बिजागरीपाशी, छताच्या अस्तराखाली काळा-पिवळा रंग उरलेला असतो. बाहेरून बसवलेल्या भाड्याच्या जुन्या मीटरची भोकं डाव्या बाजूच्या पुढच्या पत्र्यावर बुजवलेली सापडतात.

‘मेकॅनिक सोबत नेतो, एवढे कागद कशाला?’

मेकॅनिक न्याच. त्याला आधी गाडीखाली पाठवा, इंजिन नंतर. पद्मिनी आणि अँबेसिडर या दोन्ही गाड्यांना ट्रकसारखा वेगळा सांगाडा नाही, सगळा भार गाडीच्या पत्र्याच्या कवचावरच असतो. तळ, दाराखालच्या पट्ट्या, जॅक लावायची जागा, डिकीचा तळ, बॅटरीखालचा पत्रा इथला गंज म्हणजे गाडीची हाडं गेली. कोकणपट्टीत आणि मुंबईत खारी हवा आणि चार महिने पाऊस, तिथे तर हे पाहिल्याशिवाय बोलूच नका. कापडात गुंडाळलेलं चुंबक पत्र्यावरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पुट्टी भरलेली आहे.

पण मेकॅनिक आजची गाडी पाहतो. गाडी कोणाच्या नावावर आहे, कुठल्या वर्षी कुठे पडून होती, बोजा उतरलाय का, हे तो सांगू शकत नाही. आणि मेकॅनिकने नापसंत केलेली गाडी पैसे घालून उभी करता येते, कागद गेलेली गाडी कितीही पैसे घालून चालवता येत नाही.

‘पन्नास वर्षांची आहे, म्हणजे व्हिंटेजच ना?’

आपोआप नाही. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल न केलेली दुचाकी-चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवी नोंदणी ₹२०,०००, दहा वर्षांसाठी. पुनर्नोंदणी ₹५,०००. नव्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, आधीच नोंदलेल्या गाडीला मूळ नंबर ठेवता येतो. त्या बदल्यात रोजचा वापर आणि व्यवसाय बंद. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. लग्नाच्या वरातीसाठी भाड्याने द्यायचा विचार असेल तर हा मार्ग तुमचा नाही.

पद्मिनी हे नाव १९७४ च्या सुमारास आलं आणि गाडी सन २००० च्या आसपासपर्यंत बनत राहिली. म्हणजे बाजारातल्या बहुतेक पद्मिनी पन्नाशीच्या अलीकडच्याच. त्यांना नेहमीचं पाच वर्षांचं रीपासिंगच लागू. आणि ज्या खरोखर पन्नाशी ओलांडलेल्या आहेत, त्यांत डिझेल इंजिन किंवा बाहेरचा गिअरबॉक्स बसवलेला असेल तर व्हिंटेजची वाट अवघड होते. मूळ इंजिनाचा नंबर जुळणं इथे दुप्पट मोलाचं ठरतं.

‘मालक ओळखीचे आहेत हो’

चांगलंच आहे. तरी आरसीवर नाव त्यांचंच आहे का पाहा. जुन्या गाड्या सर्रास दिवंगत वडिलांच्या नावावर असतात. तेव्हा आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर गाडी व्हायला हवी, मगच विक्री. दुसरा प्रकार त्याहून त्रासाचा. मूळ मालकाने सही केलेले कोरे टीटीओ फॉर्म, म्हणजे मालकी बदलाचे २९ आणि ३० नंबरचे, तीन हातांतून फिरत आलेले. मधल्या दोघांनी नाव चढवलंच नाही. सही करणारे हयात आहेत की नाहीत हेही कोणाला ठाऊक नसतं.

विकणाऱ्यालाही हे समजावून सांगा, कारण त्याचंही हित यातच आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की गाडी विकली असली तरी आरटीओच्या दप्तरी नाव ज्याचं, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. हे कळलं की बहुतेक प्रामाणिक मालक स्वतःहून आरटीओत यायला तयार होतात.

सौदा ठरला की प्रलंबित चलनं विक्रेत्याकडून भरून घ्या. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन तो उतरवून घ्या. वाहन पोर्टलवर शुल्क भरून ‘आरसी पर्टिक्युलर्स’ म्हणजे नोंदणीचा उतारा काढता येतो, तो ताजा घ्या. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तुमच्यासमोर होऊ द्या, चेसिस प्रिंट त्याच दिवशी घ्या आणि तीस दिवसांच्या आत अर्ज दाखल करा. रकमेचा एक हिस्सा, दोघांना मान्य असेल तेवढा, लेखी करून राखून ठेवा आणि आरसीवर तुमचं नाव चढलं की द्या. जुने आरसी बुक, पीयूसीच्या पावत्या, गॅरेजची बिलं, सगळा गठ्ठा गाडीसोबत मागून घ्यायला विसरू नका. विक्रेत्याच्या दृष्टीने ती रद्दी असते आणि गाडी गेल्यावर आठवड्याभरात ती टाकून दिली जाते.